ॲक्सेंट खराब आहे म्हणजे नक्की काय हो?

लातूर-नांदेडकडचा पोरगा पुण्यात इंटरव्ह्यूला गेला की फीडबॅकच्या रकान्यात एक वाक्य हमखास येतं. "टेक्निकली चांगला आहे, पण ॲक्सेंट खराब." मग बारावीला लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेला आमचा पठ्ठ्या गुपचूप स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरतो आणि तीन महिन्यांनी 'वॉटर'चं 'वॉडर' करून परत येतो. बाकी सगळं होतं तिथंच.

माझं म्हणणं सरळ आहे. असा शेरा मारणाऱ्या बहुतेकांना ॲक्सेंट म्हणजे काय हेच माहीत नसतं.

मंडळी, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत ॲक्सेंट, प्रोनन्सिएशन, डायलेक्ट आणि व्हॉइस. मराठीत हेल, उच्चार, बोली आणि आवाज. मराठीत आपण यांची सहसा गल्लत करत नाही. इंग्रजी आलं की मात्र सगळ्याचा एकच ढीग!

उच्चार शब्दाचा असतो. तो बरोबर की चूक, हे डिक्शनरी उघडून बघता येतं. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, लिहायला सारखंच, पण 'ज' बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजी 'रेकॉर्ड'मध्ये जोर पहिल्या भागावर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. 'डिटर्मिन'ला 'डिटरमाइन' म्हणणं, 'सटल'मधला 'बी' ठणकावून म्हणणं, 'फसाड' पॅटर्नला 'फकेड' म्हणणं, या उच्चाराच्या चुका. त्या सुधारल्याच पाहिजेत. तिथे मी मराठवाड्याचा कैवार घेणार नाही.

हेल माणसाचा असतो, त्याच्या मुलखाचा असतो. त्यात बरोबर-चूक काही नाही. ओळखायचं कसं? ऐकणाऱ्याला शब्दच कळला नाही किंवा भलताच कळला, तर उच्चार बघा. शब्द कळला आणि वर तुमचं गावही कळलं, तर तो हेल. त्याच्या वाटेला जाऊ नका.

बोली आणखी वेगळी. आमच्याकडे "काय करतोयस?"ऐवजी "काय करायलास?" म्हणतात. इथे क्रियापदाचं रूपच वेगळं आहे. हे वाक्य पुणेरी हेलात म्हटलं तरी बोली मराठवाड्याचीच राहते. इंग्रजीत "मीटिंग प्रीपोन करू या" ही अशीच आपली भारतीय बोली. परदेशातल्या क्लायंटला ती कळली नाही तर शब्द बदला, हेल नव्हे.

राहिला आवाज. घाबरून तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्या पोराला "ॲक्सेंट"च्या नावाखाली कापतात. अरे बाबांनो, त्याला फक्त "जरा मोठ्याने बोल" म्हणायचं होतं!

हे खूळ पसरलं ते 2000 नंतरच्या कॉल सेंटरच्या लाटेत. 'ॲक्सेंट न्यूट्रलायझेशन', 'मदर टंग इन्फ्लुअन्स' हे शब्द ट्रेनर लोकांच्या तोंडी तेव्हा रुळले. दिवसभर फोनवर अमेरिकन गिऱ्हाइकाशी बोलायचं तर त्याला पटकन कळायला हवं, ही त्या धंद्याची गरज मी समजू शकतो. पण तीच फूटपट्टी जावा लिहिणाऱ्या पोराला का?

आणि न्यूट्रल ॲक्सेंट नावाची वस्तू असते कुठे? खुद्द इंग्लंडात 1941 साली बीबीसीने विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं, तर त्याच्या यॉर्कशायरच्या हेलावर तिथल्याच श्रोत्यांनी नाकं मुरडली. म्हणजे "खराब ॲक्सेंट" हा बऱ्याचदा "आमच्यातला नाही" एवढंच सांगणारा शेरा असतो. सत्या नडेला 2014 पासून मायक्रोसॉफ्ट चालवतायत आणि त्यांच्या इंग्रजीतून भारत अजून ऐकू येतो. ते हैदराबादचे. नांदेडला पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ आहे राव!

तेव्हा पॅनलवर बसणाऱ्या मित्रांनो, पुढच्या वेळी नेमकं लिहा. कोणता शब्द चुकला? कोणतं वाक्य कळलं नाही? आवाज लहान होता का? यातलं काहीच सांगता येत नसेल तर तो शेरा खोडा, कारण त्यावर एका घराचं पुढचं गणित अवलंबून असतं. आणि हो, "तुझं प्रोनाउन्सिएशन सुधार" असं सांगण्याआधी तो शब्द डिक्शनरीत बघून घ्या. त्यात 'नाउन' नाही, 'नन' आहे.