देव्हारा गेला, त्या जागी काय आले?



दीक्षा घेऊन घरी परतल्यावर तुम्ही पहिले काम कोणते केलेत, हे विचारण्याची गरज नाही. देव्हाऱ्यातले टाक निघाले, तसबिरी उतरल्या, चौकटीवरचे लिंबू-मिरची गेले, मुलांच्या दंडावरचे ताईत तुटले. भिंतीतला कोनाडा मोकळा झाला. हे तुम्ही योग्यच केलेत. ज्यांनी या कामी कुचराई केली असेल त्यांनी आधी बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा वाचाव्यात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. तुम्हाला विचारावयाचे आहे ते त्यापुढचे. त्या मोकळ्या कोनाड्यात आज काय आहे?

तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे, असे तुम्ही म्हणाल. आहे खरी. परंतु बुद्धपौर्णिमा आणि १४ एप्रिल हे दिवस सोडले तर त्या मूर्तीसमोर तुमच्या घरातले कोण बसते? किती वेळ बसते? आणि बसते तेव्हा काय करते? उत्तर देताना अडखळावे लागत असेल तर कोनाडा मोकळाच आहे असे समजा. विजेच्या बिलांची चळत ठेवावयास तो सोयीचा झाला आहे, इतकेच.

आपल्यातले काही शिकलेले लोक यावर लगेच हसतील. ते म्हणतील, "आम्ही कर्मकांड सोडले ते पुन्हा नव्या नावाने गळ्यात बांधून घेण्यासाठी काय? बुद्ध बुद्धिवादी होता. मेणबत्ती, गाथा, वंदना ही सारी भाबड्यांची सोय आहे." या मंडळींचा बुद्धिवाद मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. तो निरोगी माणसाचा, पगाराच्या तारखेपर्यंत टिकणारा बुद्धिवाद असतो. घरात मूल तापाने फणफणले, नोकरी गेली, बाळंतीण अडली, की हेच गृहस्थ घराबाहेर ओट्यावर उभे राहतात आणि आत आजी कोणाकडून तरी आणलेला अंगारा लावते. गृहस्थांना ते ठाऊक असते. ते बोलत नाहीत. कारण त्या घटकेला घरच्यांच्या हाती देण्यासारखे त्यांच्यापाशी दुसरे काहीच नसते.

हे असे का घडते? मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवर राहून तेथील कोळ्यांचे जीवन पाहिले. किनाऱ्याजवळच्या शांत खाजणात मासे धरताना ते लोक मंत्रतंत्र करीत नसत. तेथे मासळी हमखास मिळे आणि जिवाला धोका नसे. परंतु तेच लोक खोल समुद्रात होडी घालण्यापूर्वी साग्रसंगीत जादूटोणा करीत. जेथे अनिश्चितता आणि भीती, तेथे विधी. आता कामठीच्या बिडीवाल्या वस्तीचा विचार करा. मांडीवर सूप घेऊन दिवसभर तेंदूपानात तंबाखू भरावयाची, संध्याकाळी ठेकेदाराने त्यातल्या किती बिड्या बाद ठरवाव्या यावर घरातली भाकर अवलंबून. छातीत तंबाखूची धूळ. त्या माणसाचा रोजचा दिवस हाच खोल समुद्र होता. त्याच्या हातून नवसाचा नारळ काढून घेणे न्याय्यच होते. परंतु नारळ काढून घेतला आणि भीती तशीच ठेवली, तर तो हात फार दिवस रिकामा राहत नाही.

बावीस प्रतिज्ञांची रचना या दृष्टीने पाहा. सुरुवातीच्या आठ नकाराच्या आहेत. अमुक देव मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही. नवव्या प्रतिज्ञेपासून वळण येते. समता मानीन, ती स्थापन करण्याचा यत्न करीन, अष्टांगिक मार्गाने चालेन, दहा पारमिता पाळीन, प्राणिमात्रावर दया करीन. आपली कित्येक घरे आठव्या प्रतिज्ञेपाशी येऊन थांबली आहेत. 'आम्ही हे करीत नाही, ते करीत नाही' एवढीच आपली ओळख मुलांना सांगतो. मग शेजारच्या घरी आरती, प्रसाद, रोषणाई पाहून मूल विचारते, "आपल्याकडे काय असते?" आणि आपण त्याला फक्त आपल्याकडे काय नसते त्याची यादी ऐकवितो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी स्वतः महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग तेच लाखोंना दिले, हे या बुद्धिवाद्यांनी विसरू नये. आयुष्यभर कर्मकांडावर घणाघात करणाऱ्या त्या महापुरुषाने हात जोडून, गुडघे टेकून, मोठ्याने उच्चारावयाचे शब्द लोकांना दिले. त्यांना विधी आणि कर्मकांड यांतला भेद कळत नव्हता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार आहे काय?

तो भेद समजून घेण्यासाठी कामठी सोडून दूर जाण्याचे कारण नाही.

कन्हानकाठच्या या छावणीच्या गावी ६ जानेवारी १९०४ रोजी बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे जन्मले. विशीत असतानाच, १९२४ साली, त्यांनी 'मंडळ माहात्म्य' हे पुस्तक लिहून समाजातील खुळ्या समजुतींवर कोरडे ओढले. म्हणजे मोडण्याचे काम त्यांनीही केले. परंतु मोडून ते स्वस्थ बसले नाहीत. रात्रशाळा चालविल्या, चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय काढले, बिडी मजुरांची संघटना बांधली, १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. आणि या सर्वांपेक्षा लहान, परंतु सर्वांत दूर पोहोचलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आपल्याला एक अभिवादन दिले: 'जयभीम'.

त्यापूर्वी आपले वाडवडील काय म्हणत होते? 'जोहार, मायबाप.' (आदिवासी बांधव एकमेकांना जोहार म्हणतात तो निराळा; तो बरोबरीचा आहे.) आपला जोहार एकाच दिशेने जात असे, खालून वर. पाठ वाकवून, नजर जमिनीला लावून, पुढचा कोण आहे हे आधी पाहून तो घालावयाचा. दिवसातून वीस वेळा वाकणारी पाठ काय शिकते? ती वाकणेच शिकते. कोणी धर्मशास्त्र वाचून दाखविले नाही तरी जोहाराने ते अंगात भिनत होते. बाबू हरदासांनी ही एवढीशी, रोजची, न चुकणारी क्रिया हेरली आणि तिच्या जागी दुसरी ठेवली. मुसलमानांच्या सलामाला जसे तोलामोलाचे उत्तर मिळते, तसे आपल्याही अभिवादनाला मिळाले पाहिजे, अशी त्यामागे दृष्टी होती, असे सांगतात. जयभीम म्हणणारा आणि त्याला उत्तर देणारा दोघेही ताठ उभे असतात. नजर नजरेला भिडते. हा विधी नाही तर काय आहे? रोजचा विधी आहे, अर्थासह केलेला विधी आहे. आणि त्याने माणसाची पाठ सरळ झाली. एखादी रूढी केवळ निषेधाने मरत नाही, तिच्या वेळी आणि तिच्या जागी दुसरे काही करावे लागते, हे कामठीच्या त्या तरुणाने ओळखले होते.

भगवान बुद्धानेही हेच केले. दीघनिकायात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राची कथा आहे. राजगृहाबाहेर तो पहाटे ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी उभा राहून सहा दिशांना नमस्कार करीत होता. का? तर मरताना बापाने सांगितले होते म्हणून. बुद्धाने त्याची टर उडविली नाही, 'दिशांना काय कळते?' असे म्हणून तो पुढे निघून गेला नाही. त्याने त्या सहा दिशांना अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, अधोदिशा म्हणजे राबणारे सेवक, ऊर्ध्व दिशा म्हणजे श्रमण. त्या प्रत्येकाशी आपण कसे वागतो, हाच त्या दिशेला केलेला नमस्कार. अधोदिशेविषयी तो काय सांगतो, ते बिडीच्या गावाने तर ऐकलेच पाहिजे. राबणाऱ्याला त्याच्या बळापेक्षा अधिक काम देऊ नये, अन्न व वेतन द्यावे, आजारात सांभाळावे, गोडधोड एकट्याने खाऊ नये, वेळेवर सुटी द्यावी. कोणत्या कारखानदाराने दिशांचा असा नमस्कार केला आहे?

म्हणून माझे सांगणे असे की, रोज दिवेलागणीला दहा मिनिटे घरातल्या सर्वांनी एकत्र बसा. त्रिशरण-पंचशील म्हणा. थोडा वेळ श्वासाकडे लक्ष ठेवून गप्प राहा. श्वास संथ झाला की छातीची धडधडही मंदावते, हे कोणीही स्वतःवर करून पाहू शकतो. त्यासाठी श्रद्धा लागत नाही. मग पंचशीलातले एक शील घेऊन त्या दिवशी आपण काय केले, ते बोला. आज खोटे कोठे बोललो? आज घरात कोण कोणावर ओरडले? बापानेही सांगावे. मुलांसमोर बापाने आपली चूक सांगितल्याने त्याचा मान जातो असे ज्याला वाटते, त्याने जातीतली उतरंड सोडली, घरातली मात्र जपून ठेवली आहे.

येथे एक इशारा. या दहा मिनिटांचे काम घरातल्या बाईच्या माथी मारू नका. जुन्या घरात उपास तिचे, सोवळे तिचे, नैवेद्य तिचा आणि पुण्य सगळ्या घराचे, अशी वाटणी होती. नव्या घरातही तिने फुले आणावी, मेणबत्ती लावावी, पोरांना गोळा करावे आणि यजमानांनी शेवटच्या गाथेला येऊन हात जोडावे, असे होणार असेल तर ती वंदना न झालेली बरी. सिगालाला सांगितलेल्या पश्चिम दिशेत पत्नीचा मान राखणे आणि घराचा अधिकार तिच्या हाती देणे, ही दोन्ही कर्तव्ये स्पष्ट आहेत.

दुसरा इशारा अधिक कडू आहे. आपल्यातच आता गाथांचे नवस सुरू झाले आहेत. अमुक सुत्त इतक्या वेळा म्हटले की परीक्षेत यश, तमुक धागा विहारातून आणला की बाधा दूर! व्रते आणि विधी यांनीच आपली सुटका होईल असे धरून बसणे, याला बुद्धाने दहा संयोजनांत, म्हणजे माणसाला जखडणाऱ्या बेड्यांत घातले आहे. अर्थ न कळता संस्कृत मंत्र ऐकणे ही गुलामगिरी असेल, तर अर्थ न कळता पाली गाथा म्हणणे हे स्वातंत्र्य कसे? ब्राह्मणकुळातील दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा बुद्धाने त्यांना फटकारले आणि आपापल्या भाषेत शिकावे असे सांगितले, ही कथा विनयपिटकात आहे. पाली जरूर म्हणा. परंतु मागोमाग मराठीत अर्थ सांगा. वऱ्हाडी बोलीत सांगितला तरी बुद्धाचा अपमान होत नाही.

वंदनेने रोग बरा होत नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. बाबू हरदास १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले, अवघ्या पस्तीसाव्या वर्षी. त्या काळी क्षयावर खरे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. आज औषध आहे, सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहे, आणि साध्या क्षयासाठी ते सहा महिने रोज घ्यावे लागते. माणसे चुकतात ती येथेच. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि गोळ्या सुटतात. ज्या घरात दिवेलागणीला सर्वजण एकत्र बसतात, त्या घरात कोणाची गोळी राहिली हे कळल्यावाचून राहत नाही. औषधाची पुडी त्या कोनाड्यात मूर्तीशेजारी ठेवा. कोणाला ते विटाळल्यासारखे वाटले तर वाटू द्या. आजाऱ्याला गोळी देऊन मग त्रिशरण म्हणा.

कामठीत आज ड्रॅगन पॅलेस हे भव्य बुद्धविहार उभे आहे. १९९९ साली जपानी भगिनीच्या साहाय्याने ते झाले. दूरदूरचे लोक ते पाहावयास येतात. अवश्य जा, मुलांना न्या. त्या शुभ्र, शांत दालनात बोलणे आपोआप हळू होते, हा अनुभव घ्या. परंतु सुटीच्या दिवशी संगमरवरावर दहा मिनिटे गप्प बसलेले कुटुंब घरी येऊन सात दिवस एकमेकांवर खेकसत असेल, तर ती सहल झाली. धम्म दोन खोल्यांच्या घरात, स्टोव्हच्या वासात, शेजारचा दूरदर्शन संच मोठ्याने चालू असतानाच पाळावयाचा आहे.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होईल. त्या तीन महिन्यांत पुष्कळ विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. यंदा ते तुमच्या घरीही त्या दहा मिनिटांच्या शेवटी होऊ द्या. एक पान, फार तर दोन. वाचावयाचे कोणी? घरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला नुकतेच सलग वाचता येऊ लागले आहे, तिने. अडखळली तर अडखळू द्या. आणि आजीला जवळ बसवून सांगा, की जेथे समजले नाही तेथे तिने नातीला थांबवावे आणि विचारावे.