गोळी उतरवण्याचा हिशेब

पुणे, शनिवार पेठ : इथल्या औषध दुकानांत बिल संगणकावर निघते, साठ्याची नोंदही त्यावरच होते. मात्र वर्षानुवर्षे ट्रॅमाडॉल नेणाऱ्या गिऱ्हाइकाची मात्रा कशी उतरवायची, याचा हिशेब तिथे नाही आणि शेजारच्या दवाखान्यातही क्वचितच असतो.

शिलाई मशीनवर बसणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या, पोती उचलणाऱ्या आपल्या बांधवांचे भांडवल म्हणजे कंबर आणि मान. दुखणे जुने झाले की अफूच्या जातीची ही गोळी अंगवळणी पडते. एप्रिल 2018 मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. ते योग्यच झाले; परंतु मिळत नाही म्हणून गोळी एकदम सुटली, तर झोप उडते, जुलाब लागतात, दुखणे उसळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये याबाबत इशाराच दिला. तिथल्या 2022 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे, वर्षाहून अधिक काळ गोळी घेणाऱ्याची मात्रा महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून सावकाश उतरवावी.

हे टप्पे मांडून देणारी सॉफ्टवेअर परदेशात निघाली आहेत. डॉक्टर औषध व मात्रा भरतो. संगणक ती मॉर्फिनच्या मापात मोजतो. पण 2016 च्या तक्त्यात 200 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल म्हणजे 20 मिलिग्रॅम मॉर्फिन होते, 2022 च्या तक्त्यात तेच 40 झाले. जुन्या भावपत्रकावर धंदा केल्यासारखेच हे! शिवाय संगणक 200 वरून 180 वर या म्हणेल; 50 च्या कॅप्सूलचे तुकडे कसे करणार? म्हणून हिशेब संगणकाचा, निर्णय डॉक्टरचाच.

पुण्यात दुकाने व दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या आपल्या तरुणांना इथे काम आहे. 2014 पासून एच-वन औषधांच्या नोंदवहीत डॉक्टर, रुग्ण, औषध व मात्रा लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. पाया तयार आहे. मात्र रुग्णाचे नाव ही अमानत आहे. ती त्याच्या डॉक्टरपलीकडे जाता कामा नये.

डॉक्टरच्या सल्ल्याने गोळी घेणारा नशाबाज नव्हे. दारूबंदीचा हुकूमसुद्धा टप्प्याटप्प्याने उतरला, हे आपण जाणतो. तेव्हा बंधूंनो, लाजेने किंवा घाईने गोळी परस्पर तोडू नका. डॉक्टरांना विचारा, “टप्पे लिहून द्याल का?”