डबा झकास, स्पीकर उदास!

काय मंडळी, बोनस झाला, डिजिटल मॉडेलर घरी आला? सही! १९९८ मध्ये लाइन सिक्सचा लाल, राजम्याच्या दाण्यासारखा ‘पॉड’ आला. आता तर पायाशी ठेवलेल्या एका डब्यात डझनावारी अ‍ॅम्प मावतात. पण तोच डबा टीव्हीच्या साउंडबारला जोडला की गिटार डासासारखी गुणगुणते. शिव्या पडतात डब्याला. बॉस, गडबड स्पीकरची आहे!

फंडा सोपा आहे. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ गिळून टाकतो, म्हणून डिस्टॉर्शन कानाला टोचत नाही. मॉडेलर या स्पीकरचीही नक्कल करतो. तिला म्हणतात कॅब सिम्युलेशन. म्हणजे आवाज आतच शिजून येतो, वाढणाऱ्याने वरून मीठ घालायचं नाही. त्यासाठी सपाट, सगळे सूर सारखे देणारा स्पीकर हवा. बाजारात त्याला ‘एफआरएफआर’ म्हणतात. गिटारचं खरं कॅबिनेट आधीच असेल तर ते पॉवर अ‍ॅम्पवर चालवा आणि कॅब सिम्युलेशन बंद करा. नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटेल.

आता मोठा प्रश्न: वाजवणार कुठे? घुग्घुसचंच घ्या. वेकोलिच्या खाणी, सिमेंट, लॉइड्सचं लोखंड. सगळं गाव शिफ्टवर चालतं. मुंबईत रात्री अकराची भीती, इथे दुपारी तीनचीही! शेजारचे काका नाइट करून नुकतेच आडवे झालेले असतात. अशा क्वार्टरमध्ये बारा इंची स्पीकर म्हणजे भांडणाला आमंत्रण.

म्हणून पहिली खरेदी चांगल्या हेडफोनची, तीही वायरवाल्या. ब्लूटूथ नकोच. त्यात आवाज सहज सेकंदाचा दहावा भाग मागे पडतो. म्हणजे तार इथे छेडायची आणि अ‍ॅम्प ३४ मीटरवर! दुसरी पायरी, पाच इंची स्टुडिओ मॉनिटरची जोडी, यामाहा एचएस५ सारखी. ती कानाच्या उंचीवर ठेवा, भिंतीला चिकटवू नका, खर्ज फुगतो.

बँड आहे, ड्रमर जोरकस आहे? मग दहा किंवा बारा इंची पॉवर्ड स्पीकर घ्या. फेंडरने २०२३ मध्ये खास मॉडेलरसाठी टोन मास्टर एफआर-१० आणि एफआर-१२ आणले. वर्षातून एकदा गणपतीच्या स्टेजवरच वाजवायचं असेल तर तेही नको. मॉडेलरची लाइन थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये द्या.

एक मेख मात्र आहे. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं. रात्री हळू आवाजात जमवलेला झकास टोन स्टेजवर घुमतो आणि टोचतो. तेव्हा एकाच टोनच्या दोन सेटिंग सेव्ह करा, एक घरची, एक स्टेजची.

सगळे पैसे डब्यात घालू नका, स्पीकरसाठी राखून ठेवा. ड्यूटीनंतर स्वतःचा म्हणावा असा अर्धा तास मिळतो. त्यात कानाला त्रासच झाला तर महिन्याभरात गिटार माळ्यावर जाते. आणि माळ्यावरून गिटार खाली येते ती थेट बदली झाल्यावर!