जवारी तंबोऱ्याला, अ‍ॅम्प्लिफायरला नको!

बोनसचे आकडे कळले की प्रत्येक ऑफिसात एक तरी जण असा निघतोच, जो गोव्याचं बुकिंग सोडून अ‍ॅम्प्लिफायरची ब्रोशर्स चाळत बसतो. "०.००५ टक्के डिस्टॉर्शन, बॉस! म्हणजे जवळपास झीरो!" त्यावर पलीकडच्या क्यूबिकलमधला दर्दी नाक मुरडतो. त्याच्या मते गाणं ऐकावं तर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवरच. बाकी सगळं कोरडं, फरसाणासारखं कुरकुरीत. यात खरं कोणाचं? मला विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं. पण खिसा तुमचाच रिकामा होणार आहे, त्यामुळे जरा खोलात जाऊ या.

अ‍ॅम्प्लिफायरचं काम साधं आहे. आत आलं तेच मोठं करून बाहेर द्यायचं, पदरचं काही घालायचं नाही. पण प्रत्यक्षात तो घालतोच. १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर दिला की सोबत २०००, ३०००, ४००० असे बारीक बारीक पाहुणे येतात. मूळ स्वराच्या तुलनेत हे पाहुणे किती, तो आकडा म्हणजे ब्रोशरवरची 'टीएचडी'.

ही भेसळ कमी कशी करायची, हे कोडं सुटलं ते चक्क फेरी बोटीवर. बेल लॅब्जचे इंजिनीअर हॅरॉल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ ला हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. डोक्यात विषय होता लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडला तर चूक स्वतःच स्वतःला खोडून काढेल, असं त्यांना सुचलं आणि त्यांनी ते हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच खरडलं. हाच तो निगेटिव्ह फीडबॅक. पुढे १९४७ मध्ये विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात १५ वॉटचं डिझाइन छापलं. त्यात डिस्टॉर्शन होतं ०.१ टक्क्याच्या आसपास. तेही व्हॉल्व्ह वापरून! आज काही क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर ०.००१ टक्क्याच्याही खाली मोजले गेलेत.

मग अगदी शून्य? ते होणार नाही. कुठलाही ट्रान्झिस्टर शंभर टक्के सरळ रेषेत वागत नाही. पण आपले कान त्याच्या कितीतरी आधी हात टेकतात. शिवाय साखळीतली कच्ची कडी वेगळीच आहे. आवाज वाढवला की खालच्या बेसला बऱ्यापैकी स्पीकरचंही डिस्टॉर्शन टक्का-दोन टक्के सहज होतं. समोर एवढी गळती असताना अ‍ॅम्प्लिफायरच्या तिसऱ्या दशांश स्थळासाठी पगार ओतण्यात काय हशील?

आता व्हॉल्व्हवाल्या दर्दीकडे वळू. त्याला ऐकू येणारा गोडवा भास नसतो. '३००-बी' सारखा एकच ट्रायोड वापरणारे अ‍ॅम्प्लिफायर जोरात वाजवले की दोन-चार टक्के भेसळ करतात, पण ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते. मूळ स्वर मध्य सप्तकातला सा धरलात, तर दुसरा हार्मोनिक म्हणजे तार सा आणि तिसरा म्हणजे तार पंचम. हे कानाला का खटकतील?

आपल्याला तर या गोडव्याची जुनीच सवय आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला घासून घासून असा बाक देतात की तार तिला अलगद चाटत राहावी. तारेखाली सुताचा धागा सरकवला की स्वर फुलतो. हीच जवारी. तार नेमकी मध्यावर छेडली तर नियमाप्रमाणे दुसरा हार्मोनिक उमटायलाच नको. तंबोरा हा नियम बिनदिक्कत मोडतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं.

मग अ‍ॅम्प्लिफायरनेही थोडी जवारी लावली तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते इथे. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी तिच्यापुरती असते. अ‍ॅम्प्लिफायरमधून मात्र गळा, तबला, हार्मोनियम सगळं एकाच वेळी जातं आणि तो त्यांची आपापसातही सरमिसळ करतो. सा २४० हर्ट्झचा धरा. मग ग झाला ३०० आणि ध ४००. दोन्ही एकदम आले की त्यांच्या बेरजेचा ७०० हर्ट्झचा तिसराच स्वर निपजतो. तो ना तीव्र मध्यम, ना पंचम. दोघांच्या मध्ये लटकलेला. एकट्या सारंगीला मखमली करणारा तोच डबा भरगच्च ऑर्केस्ट्राचा चिखल करतो, तो यामुळे.

आणि कलाकाराला खरखर हवी असेल तर तो ती स्वतः आणतो. 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला, तो नेमका तसाच आवाज हवा होता म्हणून. ते डिस्टॉर्शन रेकॉर्डमध्ये आलेलंच आहे. त्यावर आपल्या दिवाणखान्यातल्या डब्याने आपली मोहोर कशाला उमटवायची?

आमच्या आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओचा ऊबदार घुमारा मला आजही आवडतो. पण तो रेडिओचा गुण होता, गाणाऱ्याचा नव्हे. तसा गोडवा हवा असेल तर बिनधास्त घ्या. फक्त त्याला 'शुद्धता' म्हणू नका. चहात साखर घालणं गुन्हा नाही. प्रत्येक पदार्थात तीच साखर पडली, की मग प्रॉब्लेम.

दुकानात जाल तेव्हा एवढंच बघा. पीएमपीओचा आकडा विसरा, आरएमएस वॉट विचारा. एरवी घरात एखाद्या वॉटवर भागतं, पण तबल्याची एक कडक थाप क्षणभर त्याच्या शंभरपट मागू शकते. ताकद अपुरी पडली की लाटेचा माथाच छाटला जातो. त्याला म्हणतात क्लिपिंग, आणि ते डिस्टॉर्शन कोणालाच गोड लागत नाही. उरलेले पैसे स्पीकरवर आणि जाड पडद्यांवर घाला.

आणि मग ब्रोशर बाजूला ठेवून तंबोरा ऐका. मिरजेच्या कारागिराने लावलेली जवारी तुमच्या वन बीएचकेपर्यंत जशीच्या तशी पोहोचली, की अ‍ॅम्प्लिफायरने आपलं काम चोख केलं म्हणायचं.