‘वय झालं’ हे निदान नव्हे

वस्तीतल्या कुठल्याही घरी विचारा, ‘आजी हल्ली विहारात दिसत नाहीत?’ उत्तर ठरलेले असते. ‘वय झालं आता त्यांचं.’ विचारणारी मान डोलावते, चहा येतो, विषय बदलतो. आम्ही नर्सिंगची पदविका घेऊन सोळा वर्षे वॉर्डात काढली, नंतर वस्त्यांतून आरोग्याचे काम सुरू केले, तरी हेच उत्तर आम्हीही दिले आहे. तेसुद्धा स्वतःच्या आईबद्दल.

आई कल्याण पूर्वेला धाकट्या भावाकडे असते. वय एकाहत्तर. परवापरवापर्यंत १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सुनांच्या पुढे चालणारी बाई. मग आठ-नऊ महिन्यांत काय झाले ते कळेना. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. चालताना झोक जाऊ लागला, मोरीत दोन वेळा पडली. दिवसभर पेंगायची आणि संध्याकाळ झाली की नातवाला भावाच्या नावाने हाक मारायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून तीन वेळा ‘ताकदीचं सलाईन’ लावले, दर वेळी पाचशे रुपये. मोठ्या रुग्णालयात सकाळी साडेसहाला रांगेत उभे राहून साडेबाराला नंबर लागला आणि तीन मिनिटांत कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन बाहेर आलो. भाऊ कंत्राटी कामावर. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. चार खाडे झाल्यावर भावजय म्हणाली, ‘ताई, वय झालं त्यांचं.’ आम्ही हो म्हणालो. वॉर्डात दुसऱ्याच्या आईबद्दल असे कुणी बोलले असते तर आम्ही त्याला गप्प केले असते.

उलगडा केला तो एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने. तिने आधी आईला तपासलेच नाही. म्हणाली, ‘औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा.’ बीपीची गोळी शिबिरातल्या डॉक्टरांची, पायाची सूज उतरायची गोळी स्टेशनजवळच्या डॉक्टरांची. नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण दोन्हींत लघवीवाटे पाणी काढणारे औषध होते. एकाला दुसऱ्याचे माहीत नव्हते आणि आम्ही कुणी पिशवी उघडून बघितली नव्हती. रक्तातले सोडियम ११८ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते. सोडियम असे खाली गेले की माणूस झोक जाऊन पडतो, गोंधळतो, पेंगतो. म्हातारपणात जे जे होते असे आपण समजतो ते सगळे होते. वर साखरेच्या पाण्याची बाटली चढवली तर ते आणखी खाली जाऊ शकते. आईला कोणती बाटली लावली होती ते कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते.

भरती करून सोडियम हळूहळू वर आणले. ते एकदम वाढवले तर मेंदूला इजा होते, म्हणून हे काम घरी किंवा गल्लीतल्या दवाखान्यात करायचे नसते. पाचव्या दिवशी सकाळी आईने आम्हाला नावाने हाक मारली आणि विचारले, ‘विहारातली वर्गणी कोणी भरली?’

वजनाचे मात्र सोडियमने उत्तर मिळाले नाही. छातीचा एक्स-रे, थुंकी, थायरॉइड, सगळे ठीक. मग एका सिस्टरने आईला तोंड उघडायला सांगितले. मागच्या दाढा गेलेल्या, उरलेल्या हलत होत्या. भाकरी चावत नव्हती म्हणून आई कित्येक महिने चहा-पाववर राहिली होती. सुनेला दोनदा स्वयंपाक नको म्हणून बोलली नाही. आपल्या आया असेच करतात, आणि त्याला आपण त्याग म्हणून हार घालतो.

ही गोष्ट सुखाने संपली म्हणून सांगत नाही. रक्ताची ती तपासणी काही शे रुपयांची होती. ती व्हायला नऊ महिने लागले. नर्सच्या घरी नऊ महिने, तर बाकीच्या घरी किती?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्यांतले १२ जण पन्नाशीच्या पुढचे होते. तेव्हा सांगण्यात आले की बरेच रुग्ण शेवटच्या अवस्थेत आणले होते. तसे असेलही. पण शेवटच्या अवस्थेआधी एक अवस्था असते, जेव्हा माणूस नुसता सुकत चाललेला असतो. त्या महिन्यांत त्याला कोण बघते? आमचे म्हणणे असे की कोणीच नाही, आणि सरकारी योजनांची रचनाही तशीच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आधार कार्डावर आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. पाच लाखांचे संरक्षण. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे. कार्डे जरूर काढा. पण ही कार्डे भरती झाल्यावर चालतात. आजार कोणता ते शोधायला ओपीडीत ज्या फेऱ्या माराव्या लागतात, त्यांचा खर्च त्यात बसत नाही. म्हणजे आजाराचे नाव घेऊन या, मग पैसे देतो. नाव काढायचे पैसे मजुरीतून.

म्हणून काही वाटा माहीत असाव्यात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. आपल्याकडे ठाण्याचे सिव्हिल आणि उल्हासनगरचे सेंट्रल ही ती रुग्णालये. महापालिकेची रुग्णालये त्या निर्णयात नाहीत. डोंबिवलीचा माणूस सवयीने जवळ जातो आणि पैसे भरतो, त्याने लोकलने एकदा उल्हासनगर गाठून बघावे.

दुसरी वाट तर बाबासाहेबांच्या काळातली आहे. ते १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात प्रा. अदारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, आणि १९४८ चा ईएसआय कायदा त्यातून उभा राहिला. आज महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या ज्या कामगाराची ईएसआय कापली जाते, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात, आणि त्यात ओपीडी व तपासण्या येतात. डोंबिवली-अंबरनाथच्या एमआयडीसीत आपली किती मुले आहेत! सिक्युरिटीत, हाउसकीपिंगमध्ये किती! पगारपत्रकावर ईएसआय कापलेली दिसते, पण कार्डावर बायको-मुलांची नावे असतात आणि आईचे नसते. आमच्या भावाचेही तसेच होते.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २० आहे. सरकारी रुग्णालयांत साठीपुढच्यांसाठी वेगळी रांग असावी असे ते सांगते. केंद्राचा वृद्धांच्या आरोग्याचा कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला; त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांची वेगळी ओपीडी आणि दहा खाटांचा वॉर्ड सांगितलेला आहे. आम्ही मागतो ते एवढेच, की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस असा ठेवावा, जिथे एकच डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत बघेल. आज डोळ्याला एका खिडकीवर, गुडघ्याला दुसऱ्या, बीपीला तिसऱ्या खिडकीवर पाठवतात आणि प्रत्येक जण एक गोळी वाढवतो. वॉर्डात काम केलेले असल्याने सांगतो, डॉक्टर वाईट नसतात. तीन मिनिटांत कुणालाही पिशवी उघडता येत नाही.

तोवर घरात काय बघायचे? महिन्याला वजन. सहा महिन्यांत पन्नास किलोचे माणूस अडीच-तीन किलोने उतरले तर ते वय नव्हे. खोकला नसला तरी म्हाताऱ्या माणसाला टीबी असू शकतो. नुसते वजन उतरते, संध्याकाळी कणकण येते. टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि पोषणासाठी महिना हजार रुपये मिळतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ कमी होऊन पाय बधिर होतात, विसर पडतो. डोक्यावर पडल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला तर सीटी स्कॅनचे विचाराच. आत हळूहळू रक्त साठलेले असू शकते. आणि गुपचूप बसलेल्या आजोबांना एकदा विचारा, मन लागतं का? उदासीचाही आजार असतो. गोळ्या मात्र आमचा लेख वाचून बंद करू नका, बीपीची तर नाहीच. पिशवी डॉक्टरांपुढे ओता.

आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून वजनकाटा घेतला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर तो विहारात असतो, शेजारी एक वही असते. येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि त्याची औषधांची पिशवी दोन्ही आणा. रिकामी पाकिटेही चालतील.