सलाईनचा हिशेब रुग्णाबरोबर जाऊ द्या

पावसाळ्यात उल्हासकाठी डेंगी आणि लेप्टोचे रुग्ण वाढतात, हे बदलापुरात दवाखाना चालवणाऱ्याला सांगायला नको. गंभीर रुग्णाचा प्रवासही आपल्याला पाठ आहे. आधी जवळचा दवाखाना, मग नर्सिंग होम किंवा ग्रामीण रुग्णालय, तिथून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, नाहीतर थेट ठाणे-मुंबई. दर मुक्कामी बीपी कमी दिसले की नवी बाटली लागते. आधी किती गेल्या, हे मात्र चिठ्ठीवर सहसा नसते. ‘आयव्ही फ्लुइड्स दिले’ एवढ्यावर भागवले जाते.

डेंगीत रक्तवाहिन्यांतली गळती साधारण 24 ते 48 तास चालते. पुढे तेच पाणी रक्तात परतते. तेव्हाही सलाईन चालूच राहिली, तर ते पाणी फुप्फुसात साचते.

60 किलोच्या रुग्णात 6 लिटर जादा साचले, म्हणजे वजनाच्या 10 टक्के. या रेषेपलीकडच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले आहे. शिवाय पॅरासिटामॉलच्या 100 मिलीच्या चार बाटल्या आणि 100 मिलीत तीनदा दिलेले मेरोपेनेम धरले, तर दिवसाला 700 मिली होतात. चार्टवर हे पाणी कोण मांडतो?

2011च्या ‘फीस्ट’ अभ्यासात आफ्रिकेतल्या तापाने गंभीर झालेल्या मुलांना झपाट्याने सलाईन दिल्यावर मृत्यू वाढले. पण 2022च्या ‘क्लासिक’मध्ये सेप्टिक शॉकच्या रुग्णांना कमी सलाईन देऊनही मृत्युदरात फरक पडला नाही. म्हणजे हात आखडणे हाही रामबाण उपाय नव्हे. शॉकमध्ये द्यायचे ते द्यावेच; शॉक ओसरला की थांबवण्याची ऑर्डरही तितक्याच ठळकपणे लिहावी.

साचलेले पाणी काढताना बीपी सांभाळून फ्युरोसेमाइड द्यावे. मूत्रपिंडाला इजा सुरू झाली असेल, तर किलोमागे 1 मिलिग्रॅम (आधी हे औषध चालू असल्यास 1.5) देऊन लघवी मोजावी. दोन तासांत 200 मिलीही झाली नाही, तर मूत्रपिंड आणखी बिघडण्याची शक्यता मोठी. डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी फोन तेव्हाच करावा; रात्री दम लागेपर्यंत थांबू नये.

म्हणून वाचकांना एकच विनंती. रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीवर तीन आकडे लिहा: दाखल होतानाचे वजन, औषधांतल्या पाण्यासह एकूण सलाईन, आणि एकूण लघवी. लिहायला उसंत नसेल, तर इनटेक-आउटपुट चार्टचा फोटो पुढच्या डॉक्टरांच्या मोबाइलवर धाडा. अॅम्ब्युलन्स कल्याणला पोचण्याआधी तो पोचलेला असेल.