विधान कोठे, प्रश्न कोठे?

संगणकाचा वर्ग म्हणजे टंकलेखनाचा वर्ग, अशी समजूत आमच्यातही पुष्कळ काळ होती. प्रोलॉग ही तर्काधिष्ठित भाषा शिकवू लागल्यावर ती मोडली. १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोल्मेरोएर व सहकाऱ्यांनी घडविलेल्या या भाषेत संगणकाला कृतींची यादी द्यावयाची नसते. वस्तुस्थिती व नियम सांगावयाचे आणि मग प्रश्न विचारावयाचा. सांगणे फाइलमध्ये, विचारणे प्रश्नचिन्हाच्या ओळीवर. या दोन जागांची अदलाबदल झाली की गोंधळ सुरू होतो.

प्रश्नाच्या ओळीवर कोणी ‘आई(सीता, मीना).’ असे लिहिले, तर संगणक ते शिकत नाही; ते खरे आहे काय, हे शोधू लागतो. ‘आई’ हा संबंधच ठाऊक नसेल तर तशी तक्रार करतो. संबंध ठाऊक असून ही जोडी नोंदलेली नसेल, तर नुसते ‘असत्य’ म्हणून मोकळा होतो. मूल बुचकळ्यात पडते, आत्ताच तर सांगितले!

उलटी चूक अधिक घातक. ‘सीता कोणाची आई?’ हा प्रश्न, ‘कोणाची’च्या जागी चल ठेवून, एका विद्यार्थिनीने फाइलमध्येच लिहिला. तेथे तो प्रश्न राहत नाही, विधान होतो. आणि मोकळा चल असलेले विधान सर्वांना लागू पडते. सीता साऱ्या जगाची आई झाली, स्वतःचीसुद्धा! चल एकदाच आल्याची सूचना पडद्यावर उमटली होती. ‘नुसती सूचना आहे, पुढे चला,’ असे आम्हीच तिला सांगितले, आणि उत्तरे चुकली तेव्हा दोष मात्र तिच्या तर्काला दिला. तो आमच्याकडून झालेला अन्याय होता.

फाइल उघडतानाच एखादे लक्ष्य तपासावयाचे असेल, तर त्याआधी अपूर्णविराम व आडवी रेघ हवी; आणि ते संबंधित नियमांच्या खाली हवे. फाइल वरून खाली वाचली जाते. वर लिहिल्यास ते नियम संगणकाच्या लेखी अजून जन्मलेलेच नसतात.

म्हणून आमचे मत असे की, पहिल्या आठवड्यात मुलांच्या हाती मुद्दाम बिघडविलेली फाइल द्यावी व चुकीचा संदेश मोठ्याने वाचून घ्यावा. घराण्यात प्रथमच शिकणारे मूल त्या संदेशाला स्वतःच्या बुद्धीवरचा शेरा समजते, आणि मग शेजाऱ्याची फाइल उतरवून घेते. येत्या सत्रापासून प्रात्यक्षिकाच्या वहीत चुकांसाठी वेगळे पान राहील. पालकांनी ते पाहावे. कोरे असल्यास आम्हांला विचारावे.